बांबोळीच्या ओपीडीपासून प्रबंधापर्यंत : व्यवस्थापन आणि चिकित्साशास्त्र यांच्या सीमेवरचे संशोधन कसे करावे

रायबंदरच्या ज्या जुन्या वास्तूत एकेकाळी रुग्णालय होते, त्याच वास्तूत १९९३ साली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू झाली आणि पुढे ती साखळीजवळच्या आपल्या नव्या परिसरात गेली. वैद्यकीय शिक्षणाची गोव्यातली परंपरा तर १८४२ पर्यंत मागे जाते. आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉमध्ये एमडी करणारा निवासी डॉक्टर आणि ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात किंवा साखळीला व्यवस्थापन शिकणारा विद्यार्थी हे दोघे अनेकदा एकाच रांगेचा, एकाच वॉर्डचा आणि एकाच रुग्णाचा अभ्यास करत असतात. तरीही डॉक्टरच्या प्रबंधात रांग नसते आणि व्यवस्थापनाच्या प्रबंधात रुग्ण बरा झाला की नाही याचा उल्लेख नसतो. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे मार्गदर्शन केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आरोग्यसेवेवरचे संशोधन खरोखर उपयोगी पडायचे असेल तर सेवेचे मोजमाप आणि रुग्णाच्या प्रकृतीचे मोजमाप एकाच अभ्यासात यायला हवे, आणि काय मोजायचे हे पहिला केसपेपर उघडण्यापूर्वी लिहून ठेवायला हवे. पुढील सर्व पायऱ्या या एका आग्रहातून आलेल्या आहेत.

विषय नव्हे, प्रश्न ठरवा

विद्यार्थी पहिल्या भेटीत जे घेऊन येतो तो बहुधा विषय असतो. ‘गोव्यातील रुग्णालयांमधील रुग्णसमाधान’ किंवा ‘मधुमेही रुग्णांची वैशिष्ट्ये’ ही शीर्षके सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या मुखपृष्ठावर शोभतात, पण त्यांना उत्तर नसते, कारण त्यांच्यात काही विचारलेलेच नसते. प्रश्नात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात : रुग्ण कोणते, त्यांच्या बाबतीत काय बदलणार, तुलना कशाशी होणार, मोजणार काय आणि किती काळानंतर.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. मधुमेहाच्या ओपीडीत सर्वांनी सकाळी लवकर येऊन रांग लावण्याऐवजी प्रत्येकाला ठरावीक वेळ देऊन बोलावले, तर तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला परत येणाऱ्यांचे प्रमाण वाढते का आणि त्यांची साखर अधिक आटोक्यात राहते का? या प्रश्नात वेळेचे नियोजन व्यवस्थापनाचे आहे आणि साखर वैद्यकाची आहे. एचबीएवनसी ही चाचणी साधारण मागील दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणून तीन महिन्यांची मुदतही आपल्या सोयीसाठी निवडलेली नसून तिच्यामागे शरीरशास्त्राचे कारण आहे. हाती घेतलेल्या प्रश्नातला प्रत्येक आकडा असा कारणासह सांगता आला, तर सिनॉप्सिसच्या वेळी कोणत्याही परीक्षकापुढे घाबरण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक कसोटी मी लावतो. उत्तर ‘होय’ आले तर उद्या काय बदलेल आणि तो बदल कोण करील, हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर प्रश्न अजून पिकलेला नाही असे समजावे.

आधी चार सकाळी रांगेत बसा

प्रश्नावली लिहिण्यापूर्वी विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन किमान चार सकाळी त्या ओपीडीत बसावे, अशी माझी सर्व विद्यार्थ्यांना अट असते. निवासी डॉक्टर रोज तेथे असतात, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. बाकावर बसल्यावर दिसणारी ओपीडी निराळी असते. केसपेपरच्या खिडकीवर किती वेळ गेला, रक्ताच्या रिपोर्टसाठी पुन्हा खाली किती जणांना जावे लागले, औषधांच्या खिडकीवर कोण माघारी फिरले, हे सारे वहीत टिपून ठेवावे. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा कारवारहून आलेला रुग्ण बांबोळीला किती वाजता पोहोचतो आणि परतीची बस चुकू नये म्हणून किती वाजता निघू पाहतो, हे समजले नाही तर त्याला ‘सकाळी नऊची वेळ’ देण्याचा प्रयोग पहिल्याच दिवशी कोसळतो.

येथे व्यवस्थापनशास्त्राचे एक साधे सूत्र फार उपयोगी पडते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. व्यवस्थेत सरासरी किती माणसे असतात, तर दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा सरासरी वेळ. समजा, तासाला २४ रुग्ण येत आहेत आणि तुम्ही दर पंधरा मिनिटांनी मोजलेल्या डोक्यांची सरासरी ३६ आहे, तर प्रत्येक रुग्णाचा सरासरी दीड तास तेथे जातो. यासाठी एकाही रुग्णाला काही विचारावे लागले नाही. मात्र हे सूत्र दीर्घ काळाच्या सरासरीसाठी आहे. दारे उघडताच उसळणाऱ्या पहिल्या गर्दीच्या अर्ध्या तासाला ते लावू नये.

आधीचे काम वाचणे

वैद्यकासाठी पबमेड विनामूल्य आहे, भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, आणि व्यवस्थापनाची बरीचशी नियतकालिके विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत वाचता येतात. कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेला, कोठे शोध घेतला याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि संदर्भ झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात साठवावेत. या भागाबद्दल यापेक्षा अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. एका गोव्यातल्याच अभ्यासाबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण तो या सीमेवरच्या संशोधनाचा उत्तम धडा आहे.

पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने आणि मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली झालेला ‘मानस’ हा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंता यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांना मदत करण्यासाठी वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक सेवेत सामावून घेतले तर काय होते, असा त्याचा प्रश्न होता. गोव्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने अशा २४ ठिकाणी तो झाला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण नव्या पद्धतीत ६५.९ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. उपचार तोच, प्रशिक्षण तेच, पण ज्या व्यवस्थेत तो राबवला ती बदलताच परिणाम बदलला. ‘कोणाला उपयोग झाला’ एवढेच विचारून थांबणाऱ्या अभ्यासाला हे दिसले नसते. म्हणून आपल्या अभ्यासातही ठिकाणाचा प्रकार हा एक मोजण्याचा घटक म्हणून आधीच लिहून ठेवावा.

रचना निवडताना

सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रचना म्हणजे ‘आधी आणि नंतर’. जूनमध्ये मोजले, नवी पद्धत आणली, सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजले, आणि सुधारणा दिसली. पण ज्यांची साखर फार वाढली होती असेच रुग्ण निवडले असतील, तर त्यांची पुढची मोजणी काही न करताही सरासरीकडे थोडी परततेच. शिवाय जून ते सप्टेंबर म्हणजे गोव्यात पावसाळा आणि त्याला लागून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. या काळात येणाऱ्यांची संख्या आणि खाण्यापिण्याच्या सवयी दोन्ही बदलतात. तिसरी अडचण अशी की आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे हे कळल्यावर माणसे वेगळी वागतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून या परिणामाला नाव मिळाले. त्या मूळ प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला असला, तरी ही शक्यता लक्षात घेणे शहाणपणाचे आहे. म्हणून तुलनेचा गट हवाच.

तुलनेचा गट कसा पाडायचा, हा पुढचा प्रश्न आहे. एकाच खोलीत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला वेळ दिली आणि दुसऱ्याला रांगेत ठेवले, तर अर्ध्या तासात दोघेही डॉक्टरांच्या दारापुढे एकत्र उभे असतील. अशा वेळी माणसांऐवजी आठवडे किंवा आरोग्य केंद्रे चिठ्ठ्या टाकून विभागावीत. हे न्याय्यही ठरते आणि कर्मचाऱ्यांना समजतेही. मात्र त्याची किंमत नमुन्याच्या संख्येत मोजावी लागते, ती अशी.

नमुना किती हवा

‘३८४’ हा आकडा व्यवस्थापनाच्या प्रबंधांत मंत्रासारखा येतो. एखादे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आहे असे धरून, ते पाच टक्क्यांच्या फरकाने आणि ९५ टक्के खात्रीने एकदाच अंदाजायचे असेल, तेव्हा तो आकडा बरोबर आहे. दोन गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या उदाहरणात नेहमीच्या पद्धतीत निम्मे रुग्ण परत येतात आणि नव्या पद्धतीत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले तरच बदल करण्यासारखा आहे, असे विभागाशी बोलून ठरले, असे समजू. चुकीने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के आणि खरा फरक पकडण्याची शक्ती ८० टक्के धरली, तर प्रत्येक गटात सुमारे १७० रुग्ण लागतात. १५ टक्के रुग्णांचा पुढे पत्ता लागणार नाही असे मानले, तर प्रत्येकी २००. पण आपण माणसे न विभागता आठवडे विभागले आहेत, आणि एकाच आठवड्यातले रुग्ण काही प्रमाणात एकमेकांसारखे असतात. प्रत्येक आठवड्यात २० रुग्ण आणि त्यांच्यातील साम्याचा गुणांक ०.०५ धरला, तर १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५ ने संख्या गुणावी लागते. २०० चे ३९० झाले आणि दोन्ही गट मिळून ७८०. हे गणित पाहून विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो, हे मला ठाऊक आहे. पण हा हिशेब अठराव्या महिन्यात कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेला बरा. एवढे रुग्ण मिळणार नसतील तर प्रश्न लहान करावा, सोबतीला दुसरे केंद्र घ्यावे किंवा परिणाम सिद्ध करण्याचा दावा सोडून पद्धत राबवता येते का एवढेच तपासावे. तिन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. नमुना अपुरा ठेवून मोठा निष्कर्ष काढणे प्रामाणिक नाही.

प्रश्नावली आणि भाषा

मत मोजण्यासाठी ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. सेवेचा दर्जा मोजण्यासाठी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली सर्व्हक्वाल ही २२ विधानांची आणि पाच पैलूंची मापनपट्टी आजही सर्रास वापरली जाते. तयार पट्टी घेण्यात गैर काही नाही, पण ती सरकारी ओपीडीतल्या रुग्णासाठी लिहिलेली नव्हती. ती इंग्रजीतून एकाने मराठीत किंवा कोकणीत आणावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती पुन्हा इंग्रजीत न्यावी आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून तपासावे. गोव्यात कोकणी देवनागरीत हवी की रोमी लिपीत, हे तालुका आणि वय पाहून ठरते. कन्नड बोलणाऱ्या मजुरांना वगळले, तर आपल्या शहरांतला एक मोठा रुग्णवर्गच अभ्यासाबाहेर राहतो. त्यानंतर आठ-दहा रुग्णांना प्रत्येक विधान वाचून दाखवावे आणि ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. ‘कर्मचारी तत्पर आहेत’ या विधानाचा अर्थ एका आजींनी मला ‘ते घाईत असतात’ असा सांगितला होता, आणि त्या ओपीडीपुरता तो खराच होता.

प्रश्न कोण विचारतो, यावर उत्तर अवलंबून असते. माझ्या सुरुवातीच्या एका अभ्यासात आम्ही समाधानाचा फॉर्म वॉर्डातल्या परिचारिकेच्या हाती दिला. जवळजवळ प्रत्येकाने ‘उत्तम’ला खूण केली, आणि सहा महिन्यांची ती सर्व माहिती मला बाजूला ठेवावी लागली. ज्या हातांनी सकाळी सलाइन लावले, त्याच हातांत रुग्ण तक्रार कशी देणार? तेव्हापासून मुलाखत बाहेर पडण्याच्या वाटेवर, उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीनेच घ्यावी असा माझा नियम आहे. पट्टीची अंतर्गत सुसंगती दाखवणारा क्रोनबाखचा अल्फा ०.७ च्या वर असावा असा संकेत आहे, पण तो आपल्या माहितीवरून काढावा; मूळ लेखातला आकडा उतरवून घेऊ नये.

नैतिक मान्यता आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

‘मी फक्त प्रश्नावली भरून घेणार आहे, मला एथिक्स कमिटी कशाला?’ असे व्यवस्थापनाचे विद्यार्थी विचारतात. माहिती रुग्णांकडून किंवा त्यांच्या केसपेपरांतून घेतली जाणार असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तुम्हालाही लागू आहेत. या तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. तुमच्या महाविद्यालयाची स्वतःची समिती नसेल, तर ज्या रुग्णालयात काम करायचे आहे तेथील समितीकडे अर्ज करण्याची वाट मार्गदर्शकांमार्फत आधीच विचारून घ्यावी. समितीची मान्यता म्हणजे रुग्णालयात शिरण्याची परवानगी नव्हे. ती वैद्यकीय अधीक्षकांकडून स्वतंत्रपणे लेखी घ्यावी लागते.

आपल्या उदाहरणासारखा काही बदल घडवून पाहणारा अभ्यास असेल, तर त्याची नोंदणी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वीच करावी. एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही अभ्यास सुरू होण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारते. प्राथमिक परिणाम कोणता, हे तेथे जाहीर होते आणि नंतर सोयीचा परिणाम पुढे करण्याचा मोह आपोआप बंद होतो. माझ्या मते नोंदणीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत आणि एका पानात बसेल असे लिहावे. ‘नाही म्हटले तरी उपचारांत काही फरक पडणार नाही’ हे वाक्य वर, ठळक असावे. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे सर्वांना माहीत असते, पण गोवा लहान आहे. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्याचे नाव, वय आणि व्यवसाय एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. म्हणून गावाऐवजी तालुका आणि नेमक्या वयाऐवजी वयोगट छापावा. क्रमांक आणि नावे जोडणारी यादी वेगळ्या जागी, कुलूपबंद ठेवावी.

माहिती गोळा करताना

प्रत्यक्ष सुरुवात करण्यापूर्वी वीस-तीस रुग्णांवर सर्व काही एकदा करून पाहावे. त्यात हमखास सापडणारी चूक घड्याळांची असते : टोकनच्या खिडकीवरचे घड्याळ आणि औषधालयातले घड्याळ सात-आठ मिनिटांनी वेगळे असते आणि तेवढ्यानेच थांबण्याच्या वेळेचा हिशेब बिघडतो. सर्व नोंदी एकाच घड्याळाने कराव्यात. तक्त्यात एका रुग्णाला एक ओळ द्यावी, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी वेगळी सूची ठेवावी आणि रिकामी जागा व शून्य यांत गल्लत होऊ देऊ नये. ज्यांनी नकार दिला त्यांचीही केवळ संख्या आणि दिवस नोंदवावा. चवथ, कार्निव्हल आणि सलग सुट्ट्यांचे आठवडे दोन्ही गटांत सारखे पडतील, अशी चिठ्ठ्यांची मांडणी आधीच करावी.

विश्लेषण आणि लेखन

थांबण्याच्या वेळेची सरासरी बहुधा फसवते, कारण पाच तास अडकलेले चार रुग्ण ती वर ओढतात. मध्यक (सर्व वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) आणि चतुर्थक (त्याच क्रमात पाव आणि पाऊण टप्प्यावर येणाऱ्या वेळा) द्यावेत. ज्यांना वेळ दिली होती पण जे रांगेतच येऊन बसले, त्यांना मूळ गटातच मोजावे. त्यांना दुसऱ्या गटात हलवले, तर चिठ्ठ्या टाकण्याचा सारा उपयोग गेला. प्राथमिक परिणाम एकच ठेवावा. पाच टक्क्यांच्या मर्यादेने एकमेकांपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या केल्या, तर काहीच खरे नसतानाही निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. पी-मूल्याबरोबर (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) फरक किती आणि तो कोणत्या मर्यादांत असू शकतो, हेही लिहावे. अधीक्षकांना निर्णय घेण्यासाठी तोच आकडा लागतो. जमोवी आणि आर ही संख्याशास्त्राची साधने विनामूल्य आहेत, तेव्हा चोरून मिळवलेल्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

लेखनासाठी निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या विभागणीच्या अभ्यासाला कन्सॉर्ट आणि सेवासुधारणेच्या अभ्यासाला स्क्वायर या तपासणी-याद्या आहेत. त्या शेवटी जोडण्यासाठी न ठेवता रचना ठरवतानाच समोर ठेवाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करावे लागते आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते; पण एकाच परिच्छेदात दुसऱ्याचा विचार नाव न देता घेतला असेल, तर टक्केवारी कमी असली तरी ती चोरीच. लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम पहिल्या महिन्यातच लेखी ठरवावा. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून कोणाचे नाव घालू नये आणि व्यवस्थापनाच्या ज्या विद्यार्थ्याने रांगेचे गणित मांडले, त्याला आभारप्रदर्शनात ढकलू नये. स्वीकृती आठवड्यात आणि शुल्क आधी मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

प्रबंध सादर झाल्यावर एक पानाचा सारांश मराठीत आणि कोकणीत लिहून त्याच ओपीडीच्या विभागप्रमुखांना, परिचारिकांना आणि केसपेपरच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना द्यावा. त्यात काय आढळले, काय आढळले नाही आणि वेळा देण्याची पद्धत चालू ठेवायची असल्यास रोज किती वेळा कोणत्या तासाला द्याव्यात, एवढेच असावे. हे पान देण्यासाठी जाताना ती नोंदवहीही सोबत न्यावी, ज्यात पहिल्या चार सकाळी आपण मोजलेली डोकी लिहिली आहेत, कारण खिडकीवरचा कर्मचारी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो.